पुतळाचं बोट

शेवंताबाईने पिठाची शेवटची रेघ सोडली आणि गुडघ्यावर हात टेकत ती उठली. हळदीचा चौक असा भरला होता, की नवरीने त्यावर पाय ठेवायला लाजावं. हात धुऊन ती मांडवात परत आली, तर धाकटी जाऊ पुतळा चौकाशी उकिडवी बसलेली. बोटाने रेघा पुसत होती, चिमटीने पुन्हा सोडत होती.

आणि रेघा वाकल्या होत्या. भरतीच्या पाण्याने शेताचा बांध लवावा, तशा मधोमध लवल्या होत्या.

"काय करतेस गो?"

"काय नाय, बाय. वाऱ्यानं पीठ हाललं व्हतं."

"वारा बरा माज्याच चौकाला लागतो."

बाया हसल्या. पुतळाने मान खाली घातली.

शिरवण्यात लग्न निघालं की विधीची गाणी, म्हणजे धवला, गायचा शेवंताबाईने आणि चौकही भरायचा तिनेच. सासूनंतर चाळीस वर्षं ती धवलारीण होती. पण दोन वर्षांत तिने हे तीन मांडवांत पाहिलं होतं. आपण सरळ भरावं, पुतळाने हात लावावा आणि चौक वाकडा व्हावा. वर बायांनी कुजबुजावं, पुतळाचा हात बरा हाय. पुतळाचे गुडघे अजून वाकत होते, सुईत दोरा पहिल्या खेपेला जात होता. 

शेवटी ती दारोदार सांगत फिरली, पुतळा भरलेला चौक वाकडा करते, तिच्या हाताला गुण नाय. गोटीरामच्या घरी मुलीचं लग्न होतं. त्याच्या बायकोने, गोजराने, पुतळाला आमंत्रणाची सुपारी दिली नाही. त्या दिवशी शेवंताबाईला भाकर गोड लागली.

लग्नाला आठ दिवस असताना शाळेत डोळ्यांचं शिबिर आलं. हल्ली समोरच्याचं तोंड पुसट दिसायचं. मोतीबिंदू असेल म्हणून ती गेली. डॉक्टरने बत्ती लावून डोळे पाहिले, मग एकेक डोळा झाकायला लावून चौकटी छापलेला कागद समोर धरला.

"रेघा कशा दिसतात, मावशी?"

"छापनाऱ्याचा हात वाकडा हाय. मधल्या पार लवल्यान."

डॉक्टरने कागद आडवा केला. लवलेलं मधेच राहिलं. त्याने खिशातली पट्टी कागदावर ठेवली. पट्टीही लवली.

"मोतीबिंदू नाही हा. डोळ्याच्या आत मागे पडदा असतो. त्याच्या मधोमध एक बारीक जागा असते, बारकं सगळं तिनेच दिसतं. वयाने ती झिजते. आधी रेघा वाकतात, मग मधे डाग येतो, तो पसरतो. माणसाचं तोंड ओळखू येत नाही. कडेचं मात्र दिसत राहतं, अगदी अंधार नाही होणार."

"औशद?"

डॉक्टरने कागदाची घडी घातली. "सध्या तरी नाही."

"कवापास्ना आसल ह्ये?"

"वर्ष-दोन वर्षं तरी."

शेवंताबाई बाकावर बसली. एका मांडवाचं एक, अशी तिने तीन बोटं मिटली. तिन्ही ठिकाणी वाकडं भरलं होतं ते तिनेच, पुतळाने सरळ केलं होतं.

गोजराच्या मांडवात पाट मांडला होता, शेजारी पिठाचं ताट. शेवंताबाईने चिमूट उचलली. थांबली. पीठ परत ताटात सोडलं.

"पुतळाला बोलाव."

"तिला सुपारी नाय दिली," गोजरा गोंधळली. "तुमीच बोललाव, तिच्या हाताला—"

"मीच बोललू. आता मीच सांगते, बोलाव."

पुतळा आली ती मांडवाच्या कडेलाच उभी राहिली. तोंडाच्या जागी शेवंताबाईला नुसता धुरकट डाग दिसला, बाजूने हिरव्या बांगड्या. तिने ताट त्या बांगड्यांकडे सरकवलं.

पुतळा खाली बसली. हळूच म्हणाली, "तुमाला कोनी सांगलं, बाय, रेघांचं?"

"काय?"

"काय नाय."

 शेवंताबाई पदर सावरून पाटावर नीट बसली.

"भर चौक," ती म्हणाली. "धवला मातर मीच गानार. तू मागून म्हन."