थांबा, जोडते

ऑपरेटरबाई निवृत्त झाल्या तरी गल्लीत त्यांचं नाव तेच राहिलं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर त्यांची उभी हयात गेली होती. दिवसभर परक्यांचे आवाज कानात ओतून घ्यायचे, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटणार की जगातली सगळ्यात मोठी अडचण आपलीच. त्यामुळे प्रवासात शेजारच्याशी बोलणं म्हणजे बाईंच्या लेखी बिनपगारी ओव्हरटाइम. गाडीत बसल्या की त्या डोळे मिटून घेत, झोप येवो न येवो.

नवऱ्याचं नेमकं उलटं. त्यांचं सलून होतं. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की ते उठून पळू शकत नाही, हाच या धंद्यातला खरा नफा, असं त्यांचं मत. गाडीत तर ते डब्यात पाय ठेवताच शेजाऱ्याची सात पिढ्यांची चौकशी करून मोकळे होत. अशा ओळखींतून आजवर काय मिळालं, असं बाई विचारत. एकदा एक आंधळं मांजर मिळालं होतं, एकदा पडशाचं औषध, ज्याने पडसं वाढलं.

पण बोलून बोलून त्यांच्या घशात गाठ आली. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर तोंडातून एक शब्दही काढायला बंदी केली. बाईंना वाईट वाटलं. वाटलं नाही असं नाही. पण विश्रांतीसाठी लेकीकडे निघताना, आयुष्यात पहिल्यांदा शांत प्रवास होणार, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

गाडी सुटली. समोरच्या बाकावर छत्र्या विकणारे एक गृहस्थ होते, नमुन्याच्या छत्र्यांचा भारा गुडघ्यांत धरून. त्यांच्या शेजारी जाड चष्म्याची एक बाई वर्तमानपत्रामागे बसली होती. ऑपरेटरबाईंनी डोळे मिटले. लगेच नवऱ्याचं कोपर बरगडीत आलं.

ते छत्रीवाल्यांच्या डोक्याकडे बोट दाखवत होते. मग स्वतःच्या डोक्यावर हात फिरवून, बोटांची कात्री करून, मान उजवीकडे कलती करून त्यांनी काहीतरी सांगितलं. छत्रीवाले घाबरून भारा घट्ट धरून बसले.

आता गप्प राहिलं तर नवरा वेडा ठरणार. बाईंनी सुस्कारा सोडला.

"यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, बोलायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "सलून आहे यांचं. ते म्हणतायत, तुम्ही भांग चुकीच्या बाजूला पाडता, म्हणून टक्कल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं."

बोलल्यावर त्यांना वाटलं, आता भांडण. पण छत्रीवाल्यांचा चेहरा खुलला. "ताई, त्यांना विचारा, उजवीकडून पाडला तर?"

मग काय विचारता. इकडून खुणा, तिकडून प्रश्न, आणि मध्ये बाई. छत्रीवाल्यांची टाळू, त्यांच्या मेव्हण्याची टाळू, दाढीचा साबण, सगळं त्यांच्या तोंडून जाऊ लागलं. मधूनच खुणा लांबल्या की बाई काटछाट करत. एकदा नवऱ्याने दोन्ही हातांनी लांबलचक कहाणी सांगितली आणि बाईंनी तिचं "नाही म्हणतायत" एवढंच केलं, तेव्हा ते रुसून खिडकीकडे तोंड करून बसले.

"जरा थांबा," बाई छत्रीवाल्यांना म्हणाल्या, "राग गेला की सांगतील."

वर्तमानपत्र खाली आलं. जाड चष्म्याची बाई ऑपरेटरबाईंकडे टक लावून बघत होती.

"एक विचारू? 'थांबा, जोडते' असं म्हणून दाखवता का?"

ऑपरेटरबाईंना काही कळेना. पण ते दोन शब्द त्यांच्या तोंडून इतक्या वेळा गेले होते की आताही आपसूक गेले. "थांबा, जोडते."

"तुम्हीच त्या," चष्म्याची बाई म्हणाली. चष्मा काढून तिने तो पदराने उगाचच पुसला.

तिचे वडील एकेकाळी बाईंच्या हॉस्पिटलात होते. बापलेकीचा अबोला जुना होता, तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हापासूनचा. ती रोज सकाळी फोन करायची, वॉर्डातल्या सिस्टरला तब्येत विचारायची आणि ठेवून द्यायची.

"एक दिवस तुम्ही म्हणालात, 'बाई, रोज सिस्टरला काय विचारता? ज्यांचं दुखतंय त्यांनाच विचारा की.' आणि मी नको म्हणायच्या आत फोन त्यांच्या खाटेशी जोडलात. दोघंही नुसतं हॅलो हॅलो करत राहिलो. मग ते म्हणाले, 'जेवलीस का?' सकाळचे आठ वाजले होते."

"मग?"

"मग घरी घेऊन आले त्यांना. पुढे जगले तेवढे दिवस माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत होते. ती सगळी कटकट मला तुमच्यामुळे मिळाली."

छत्रीवाल्यांनी नाक ओढलं. ऑपरेटरबाईंना मात्र घाम फुटला. त्यांना ही बाई आठवत नव्हती. आठवत होती ती वॉर्डाची सिस्टर, जी सारखे फोन येतात म्हणून त्यांच्या अंगावर खेकसायची. तिची पीडा टाळायला त्या कितीतरी जणांना तेच वाक्य सुनावत आणि फोन थेट खाटेशी जोडून देत. खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

नवऱ्याने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. जन्मात पहिल्यांदा तो माणूस कुणाला तरी गप्प बसायला सांगत होता. बाई गप्प बसल्या.

चष्म्याची बाई आता एक छोटी संस्था चालवत होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करायचा, बरं आहे ना विचारायचं. माणसं कमी पडत होती. "तुम्ही या. घरूनच करायचं काम आहे."

"मला परक्यांशी बोलायला आवडत नाही हो," बाई म्हणाल्या. हे तरी खरंच होतं.

"म्हणूनच हव्या आहात. ज्यांना आवडतं ते स्वतःचंच सांगत बसतात."

नवरा पुन्हा खिडकीकडे वळला.

स्टेशनवर लेक घ्यायला आली होती. ती दिसताच नवऱ्याचे हात भराभरा चालू लागले. बायकोकडे बोट, कानाशी फोन, डोळ्यांतून पाणी, आणि शेवटी हात जोडून नमस्कार.

"काय म्हणतायत बाबा?" लेकीने विचारलं.

"भूक लागलीय म्हणतायत," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

काम त्यांनी घेतलं. करून तर बघू, नाही जमलं तर सोडू, असं म्हणून. नवऱ्याचा आवाज परतला, थोडा जाडसर होऊन, आणि साठलेलं सगळं घेऊन ते सलूनमध्ये गेले. तिथे त्यांना वेगळीच बातमी कळली. ते नव्हते तेव्हा खुर्ची सांभाळणाऱ्या कारागिराला बोलायची सवय नव्हती आणि गिऱ्हाइकं वाढली होती. लोक डोळे मिटून दाढी करून घेत होते. धंद्यासाठी त्यांना दुकानात तोंड आवरावं लागलं. बोलायचं राहिलं ते सकाळी घरी, आणि सकाळी तर बायको फोनवर.

बाईंच्या वाट्याला आलेल्यांत नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते रोज "आहे अजून" एवढंच म्हणून फोन ठेवत. साहजिकच ते बाईंचे सगळ्यात लाडके होते. एके सकाळी त्यांनी फोन ठेवला नाही.

"तुमच्या मागे सारखं कोण बोलत असतं?"

"आमचे हे. सलून आहे त्यांचं. त्रास होतो का?"

"काल ते कुठल्यातरी आंधळ्या मांजराचं सांगत होते. पुढे काय झालं त्याचं?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते हातात वस्तरा धरून, भिंतीला काहीतरी समजावत होते. बाईंनी फोन त्यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा गाळला. कितीतरी दिवसांनी तो त्या गरम पीत होत्या. बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज येत होता, मांजर गाडीत चढलं तिथपासून, आणि मधून मधून तो थांबत होता, म्हणजे पलीकडचे काहीतरी विचारत होते.