पत्रा वर तापतो, खाली शेगडी

मी एक जुना पत्रा आहे. मित्रांनो, धावडा गावच्या गोजरबाईने मातीचे माळवद पाडून मला घरावर बसवले, तेव्हा गावाने कोण कौतुक केले! "पक्कं घर झालं," म्हणत लोक पेढे खाऊन गेले. मीही फुशारलो होतो.

आता मला स्वतःचीच किळस येते. उन्हाळा दरवर्षी चढतो आहे आणि तो सगळा मी खालच्यांच्या अंगावर ओततो.

यंदा भर मे महिन्यात गोजरबाईची लेक मनीषा माहेरी बाळंत झाली. वर मी तव्यासारखा तापलेलो आणि या बाईने बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली! दार बंद, खिडकीला गोधडी, लेकराला टोपडे, वर घट्ट दुपटे. बाळंतिणीला शेक हवाच म्हणे! अहो, ही गार माळवदाखालची रीत, पत्र्याखाली कशाला? लेकरू रडरड रडले, मग रडायचेच थांबले. दूधही ओढेना. तर म्हणे, शांत झोपलंय!

तेवढ्यात आशाताई सुमेधा आली. बाळाला हात लावताच दचकली.

"मावशी, शेगडी बाहेर काढा, जल्दी! लेकरू भाजून राह्यलं."

"काही होत न्हाई. माही लेकरं अशीच जगली. माणसाला सवय होती बराबर. तगंल ते आपलं," गोजरबाई म्हणाली.

तगंल ते आपलं! शी! मला शिसारी आली.

दुपटे सोडवत सुमेधा म्हणाली, "ज्यांना गर्मी सोसत न्हाई ते मरतेत, ज्यांना सोसती त्यांचीच पोरंबाळं होतेत. असं हजारो वर्सं चाललं, तर माणसाचं अंग बदलतं. त्याच्यासाठी ह्याला मरू द्यायचं का? तुमची जगली ती दिसतेत. झाली किती व्हती?"

गोजरबाई सोडवलेल्या दुपट्याची घडी घालू लागली.

"आई, माह्या आधीची दोन सांग की," मनीषा बाजेवरून म्हणाली.

"उन्हाळ्यातच गेली दोन्ही, ह्याच पत्र्याखाली," गोजरबाई पुटपुटली. मग पदराने शेगडी धरून तिने अंगणात नेली आणि तिच्यावर घागरभर पाणी ओतले.

ओल्या फडक्याने अंग पुसत पुसतच बाळाला दवाखान्यात नेले. वाचले ते. आता माझ्यावर चुना फासला आहे, कडबा अंथरला आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरावर माझे भाऊबंद असतील. त्यांच्यावर सावली करा, खिडक्या उघड्या ठेवा. आणि "आमची जगली" असे कोणी म्हणाले, तर न जगलेल्यांची नावे विचारा. गोजरबाईची ती दोन बारशाआधीच गेली. त्यांना नावेही नव्हती.