काठी आपटली की कण्हणारं खोकं

मुकुंदवाडीच्या गणेश मंडळाच्या तालमीला एरवी दहा माणसं जमायची नाहीत. त्या रविवारी सकाळी मात्र मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका कडेवर लेकरं घेऊन आल्या होत्या. लासूर स्टेशनची काही मंडळी तर खास रेल्वेनं आली होती. सगळे टक लावून बघत होते ते फळ्यांच्या स्टेजवरच्या एका काळ्या खोक्याकडं. खोक्याला झेंडूचा हार घातला होता, पुढं उदबत्त्या जळत होत्या आणि शेजारी काठीबाबा उभे होते.

"बोल!" बाबा गरजले. "किती जनांचा जीव घेतलास?"

त्यांनी लोखंडी टोकाची काठी फळीवर तीनदा आपटली. प्रत्येक वेळी खोक्यातून आवाज आला, "टंऽग... घूंऽऽ!"

"तीन!" मंडप शहारला. "लई जागृत हाय रे बाबा!"

मी, केशव, मंडळाचा हार्मोनियमवाला, हे सगळं कोपऱ्यातून बघत होतो. ते खोकं माझा मित्र मधुसूदन याच्या गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर होतं. गिटारचा आवाज मोठा करणारं ते यंत्र काचेच्या व्हॉल्ववर, म्हणजे बल्बसारख्या जुन्या नळ्यांवर चालायचं. लष्कराच्या छावणीतून बदली होऊन निघालेल्या एका बँडवाल्याकडून त्यानं ते जुनं विकत घेतलं होतं. पण हौसेनं तार छेडावी तर आवाज घसा बसल्यासारखा! हळुवार सूर स्वच्छ उमटायचाच नाही, मागं कुणीतरी कण्हत राहायचं. त्यात मधूची बायको कालिंदी गाऊ लागली आणि वरच्या षड्जावर गेली, की खोकं तिच्याबरोबर हंबरायचं.

मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब घाबरले आणि त्यांनी काठीबाबांना आणलं. बाबांनी निदान केलं, "खोक्यात मेलेल्या गवयाचा आत्मा हाय. बाईमानसाचा आवाज त्याला सोसत नाय. ही बाई गात ऱ्हायली तर गिटारवाल्याच्या जिवाला धोका!"

मधूची आई, यमुनाबाई, यानं पार खचल्या. नवरा अवेळी गेलेला, त्यात एकुलता एक मुलगा. एरवी सुनेचं गाणं ऐकताना ज्यांचे डोळे भरून यायचे, त्यांनीच रडत रडत कालिंदीच्या गळ्यात बाबांचा काळा दोरा बांधला. "नको गं गाऊस. माझ्यासाठी म्हणून नको."

कालिंदी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सासूच्या डोळ्यांतली भीती बघून तिनं दोरा बांधून घेतला, पण गप्प बसली नाही. आदल्या आठवड्यात घरी तिनं गिटार बदलून पाहिली, मग वायर बदलली. आवाज तसाच. "म्हणजे दुखणं खोक्याच्या आत आहे," ती मला म्हणाली. "आणि केशवभाऊजी, बाबा शांती करतात तेव्हा खोक्यावर शाल कशाला टाकतात हो?"

मलाही तोच प्रश्न पडला होता. बाबा खोक्यावर शाल पसरायचे, मंत्र पुटपुटत अंगारा टाकायचे आणि क्षणात खोकं मुकं व्हायचं. लोक पायावर लोटांगण घालायचे.

त्या रविवारी तालीम सुरू होण्याआधी कालिंदी स्टेजवर काहीतरी आवरत होती. काय, ते मला नंतर कळलं.

"आता शांती करतो," बाबा म्हणाले. त्यांनी शाल टाकली, डाव्या हातानं अंगारा उधळला आणि उजवा हात शालीखाली घातला. "ओम ह्रीं ह्रूं... थंडा हो जा!"

कालिंदीनं नेमका तेव्हाच खोक्याशेजारून वरचा षड्ज लावला. खोकं "घूंऽऽऽ" करून उठलं.

"थंडा हो जा!" बाबांचा हात शालीखाली चाचपडू लागला. मंत्र अडखळू लागला. कपाळावरचं गंध घामानं ओघळलं. शेवटी वैतागून ते ओरडले, "आरं, आवाजाचं बटण कुनी काढलं बे?"

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "काहून बाबा, आत्मा बटणानं बंद व्हतो व्हय?"

हशा पिकला. कालिंदीनं शाल उचलली आणि मूठ उघडून दाखवली. आवाज कमी-जास्त करायचं बटण तिच्या तळहातावर होतं.

"बटणाचं सोडा!" आप्पासाहेब पुढं आले. त्यांचा चेहरा उतरला होता, तरी प्रश्न रास्त होता. "पर काठी आपटल्यावर खोकं बोलतं, त्याचं काय?"

"तेच दाखवते. पण हात कुणी घालू नका, आतल्या विजेचा झटका जीव घेईल."

तिनं खोक्याची मागची फळी काढली. आत काचेचे व्हॉल्व मंद तांबूस पेटले होते. बाबांच्या पुडक्यातली एक न पेटवलेली उदबत्ती घेऊन तिनं तिच्या कोरड्या काडीनं एकेका व्हॉल्वला हलकेच टिचकी दिली. पहिल्यांदा काही नाही, पुढंही काही नाही. मग कडेच्या छोट्याशा व्हॉल्ववर काडी टेकली मात्र, "टंऽग... घूंऽऽ!"

"हाच तो गवई," कालिंदी हसली. "जुना झाला की व्हॉल्वच्या आतले नाजूक भाग सैल पडतात. फळी हादरली, नाहीतर माझा सूर जवळून लागला, की ते थरथरतात. खोकं ती थरथर मोठी करून ऐकवतं. गिटारचा आवाज बसतो तोही याच्यामुळंच."

"मला बघू दे," यमुनाबाई म्हणाल्या.

सुनेनं त्यांच्या हातात काडी दिली. त्यांनी टिचकी मारली. टंऽग! पुन्हा मारली. टंऽग! आणि त्या बाईला असं हसू फुटलं की पदरानं डोळे पुसावे लागले. "अगो बाई! एवढ्याशा काचेला मी नैवेद्य दाखवत होते!"

कालिंदीनं यंत्र बंद केलं, ते निवू दिलं. घरीच टिचकी मारून दोष हेरल्यावर सांडू नावाच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या दुकानातून आणून ठेवलेला नवा व्हॉल्व तिनं जागेवर बसवला आणि पुन्हा चालू केलं. मधूनं एकच तार छेडली. पितळी घंटेसारखा नितळ सूर मंडपभर पसरला. फळीवर मी स्वतः पाय आपटून पाहिला. खोकं गप्प. काठीबाबांकडं वळून बघितलं, तर ते केव्हाच मंडपाबाहेर पडले होते. पुढं कळलं, बाबा होण्याआधी ते लग्नांतून लाउडस्पीकर लावायचे.

यमुनाबाईंनी सुनेच्या गळ्यातला दोरा सोडला. "आता गा," त्या एवढंच म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

मंडळींनो, यंत्र बिघडतं, शरीर बिघडतं, पीक बिघडतं. बिघाड झाला की आधी कारण शोधा. एक एक वस्तू तपासा, जाणत्याला विचारा. कारण लगेच सापडलं नाही तर "माहीत नाही" म्हणा, त्यात लाज कसली? पण न कळलेल्या आवाजापायी घरातल्या बाईचा आवाज कधी बंद करू नका.