जगनची दुसरी शिट्टी

“फाईल उडवलीत ना, ताई? मग हे अजून चालतंय कसं?” मशीन चालवणाऱ्या गुणाजीनं विचारलं.

शहाडच्या त्या डाइंगच्या कारखान्यात रंगाची टाकी खुशाल फिरत होती. शीला लॅपटॉप मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती.

“सुरू होताना एकदाच वाचतं ते, भाऊ. वाचलेलं डोक्यात राहतं. बंद करेपर्यंत.”

“म्हणजे बंद केलं की जगनभाऊ गेले?”

शीला पडद्यावरच्या ओळी पुन्हा वरपासून वाचू लागली.

मशीनच्या पोटात एक छोटा दुभाषा असतो. आपण लिहिलेल्या ओळी तो वाचतो आणि मशीनकडून कामं करून घेतो. नेहमीचं काम वेगळ्या फायलीत लिहून ठेवायचं, त्याला म्हणायचं मॉड्यूल, आणि लागेल तेव्हा नावानं बोलवायचं. डोंबिवलीतल्या शीलाच्या छोट्याशा कंपनीत मॉड्यूलला लिहिणाऱ्याचंच नाव देत. बिघडलं तर कोणाच्या नावानं खडे फोडायचे ते कळावं, म्हणून! या मशीनची पहिलीच ओळ ‘जगन’ला बोलवायची. शीलाला हे सगळं शिकवलं जगननंच. दुखणं अंगावर काढलं बिचाऱ्यानं, आणि पावसाळ्याआधीच गेला.

मागच्या आठवड्यात कंपनीचे साहेब म्हणाले, “माणसांची नावं काढून टाका. गिऱ्हाईक विचारतं, हा जगन कोण? आणि दोन-दोन शिट्ट्या कशाला?”

“साहेब, नाव काढते. पण दुसरी शिट्टी राहू द्या.”

“अगं, बाकीची मशिनं एकदाच वाजतात. यालाच काय सोन्याची घंटा बांधायचीये?”

रंग झाल्याची पहिली शिट्टी वाजताच टाकीचं झाकण उघडून गुणाजीनं एकदा हात भाजून घेतला होता. तेव्हा जगननं दुसरी शिट्टी घातली, वाफ निवल्यावर वाजणारी. आता झाकणाला कुलूप आलं होतं, वाफ निवल्याशिवाय ते सुटतच नाही. साहेबांचं काही चुकत नव्हतं, आणि शीलाला त्याचाच राग येत होता. तिनं एकाच शिट्टीचं नवं मॉड्यूल लिहिलं, पहिल्या ओळीत ‘जगन’च्या जागी त्या मॉड्यूलचं नाव घातलं, जगनची फाईल पुसली. आता फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

“राहू दे का चालू असंच?” ती म्हणाली.

“उद्या शुक्रवार. लाईट बंदच असते दिवसभर.”

“मग आपल्याच हातानं करू.”

“थांबा. एवढा लॉट निघू द्या.”

लॉट निघाला. एक शिट्टी झाली, मग दुसरी. गुणाजीनं झाकण उघडून कापड काढलं. शीलानं बटण दाबलं. दिवा विझला. तिला रडू फुटलं, आणि गुणाजीनं मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

मशीन पुन्हा लावलं तर पहिल्यासारखंच सुरू झालं. पाणी तेवढंच, रंग तसाच. काही म्हणजे काही अडलं नाही.

नवा लॉट तयार झाला. शिट्टी वाजली. थोड्या वेळानं कुलूप खट्कन सुटलं. गुणाजी मात्र हात पाठीमागे बांधून उभाच.

“उघडा ना, भाऊ. कुलूप सुटलंय.”

“हो, उघडतो,” तो म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.