सरावातला पेशंट

“नाव?” संचिताने विचारले. मास्कमधून आलेला आवाज तिचा तिलाच परका वाटला.

“भिकाजी. तुका म्हायत नाय?” चटईवर निजलेला म्हातारा म्हणाला. दोरीपलीकडच्या बायका हसल्या.

तोंडवलीच्या शाळेच्या पटांगणात दोरी बांधून सराव चालला होता. कुणी मुद्दाम रोगाचे जंतू गर्दीत सोडले, तर आरोग्य खात्याच्या माणसांनी काय करायचे, याचा. जेटीवर पाकीट फुटले, पांढरी पूड बारा जणांच्या श्वासात गेली, अशी गोष्ट रचली होती. पुण्याहून आलेल्या डॉक्टरांनी सकाळीच बजावले होते: एका पेशंटला एकच मिनिट. बघायचे, किती गंभीर त्याप्रमाणे रंगाची चिठ्ठी बांधायची, पुढे जायचे. हातमोजे काढायचे नाहीत. जो काढील तो मेला, असे धरायचे.

पेशंट गावातलेच. त्यांना नुसते खोका म्हटले तरी हसू फुटे, म्हणून संचिता स्वतः भिकाजीमामांना बोलवायला त्यांच्या घरी गेली होती. बावीस वर्षे ती इथे आरोग्यसेविका होती. दशावतारात राक्षस होणाऱ्या या माणसाचे खेळातले मरण बघायला आसपासच्या गावांतून लोक जत्रेला येत, हे तिला ठाऊक होते.

मामांना दिलेल्या कागदावर ताप आणि खोकला लिहिला होता. ते खोकत नव्हते. हात छातीवर, कपाळावर घाम.

“माका बरा वाटत नाय गो. हयसर भरून इला.”

“खोका मामा. कागदावर खोकलो आसा.”

“खेळ थांबय, बाय.”

“ऐकलास?” दोरीपलीकडून अँब्युलन्सचा ड्रायव्हर जितेंद्र ओरडला. “हो राक्षस मराक लागलो काय पुरो तास खाता.”

सगळे हसले. “छान. खऱ्या वेळी असाच गोंधळ असतो,” पुण्याचे डॉक्टर म्हणाले. मास्कच्या आत संचिताही हसली. मिनिट संपले. तिने मामांच्या मनगटाला तांबडी चिठ्ठी बांधली आणि पुढच्या चटईकडे वळली.

शेवटच्या बाईला चिठ्ठी बांधून तिने मागे पाहिले. मामांचा पाय चटईवरून घसरून मातीवर गेला होता. मे महिन्यातली ती तापलेली माती, उघडी टाच, आणि पाय मागे ओढला जात नव्हता.

ती धावली. प्लास्टिकच्या पोशाखात धावता येत नाही, तरी धावली. गळ्याला बोटे लावली. एकावर एक घातलेल्या दोन हातमोज्यांतून काहीच कळेना. तिने दोन्ही ओरबाडून काढले.

“सिस्टर, तुम्ही मेलात,” डॉक्टर म्हणाले. “बाजूला व्हा.”

“सर, सराव थांबवा. नाडी नाहीये.”

कुणीतरी अजून हसत होते. ती गुडघ्यांवर बसली, छातीच्या मधोमध तळवे ठेवून दाबू लागली. डॉक्टर दोरीखालून वाकून धावत आले.

“जितू, गाडी घे हयसर.”

“दोरी ओलांडू?”

“ओलांड रे मेल्या.”

वाटभर ती दाबत राहिली. तिसावर आकडा थांबे, डॉक्टर श्वास देत, की पुन्हा एक. वळणावर तोल गेला तर गुडघा सीटला अडकवून दाबत राहिली. बरगडी तिच्या तळव्याखाली मोडली, तेव्हाही. घामाने डोळे चुरचुरत होते. “मामा, उठा. बास झाला आता,” ती म्हणत होती, आणि या शब्दांची लाज वाटत असूनही तिला दुसरे शब्द सुचत नव्हते.

जिल्ह्याच्या इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी वीस मिनिटे प्रयत्न केले. मग त्यांनी हात पुसले.

“त्रास कधी सुरू झाला?”

“पावणेअकराच्या पुढे,” जितेंद्र घाईने म्हणाला. “लगेच उचलला आम्ही.” तो संचिताकडे बघत होता, डोळ्यांनी विनवत होता.

“दहा चाळीसला त्यांनी मला सांगितलं,” संचिता म्हणाली. “छातीत भरलंय म्हणून. थांबव म्हणूनही सांगितलं. मी दहा बावन्नला हात लावला.”

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, इतकं कशाला...”

“लिहा मॅडम.”

त्यांनी लिहिले.

बाहेर मामांच्या पत्नी हौसाबाई बाकावर होत्या. कुणाच्यातरी मोटारसायकलवरून आलेल्या. पायात चपला दोन वेगवेगळ्या. आत काय झाले ते त्यांना अजून कुणी सांगितले नव्हते. सांगायला दुसऱ्या कुणाला पाठवायचे नाही, एवढे संचिताने ठरवले होते. पोशाख कमरेपर्यंत उतरवलेला, बाह्या मागे लोंबत असलेल्या, अशीच ती समोर जाऊन उभी राहिली.

हौसाबाईंनी तिच्याकडे वर पाहिले. चेहऱ्यावरून काय ते त्यांना कळले. मग पदर आवरून बाकावर थोड्या सरकल्या.

“बस गो बाय,” त्या म्हणाल्या. “दमलंस.”