बाद

“प्रिंटर सांभाळणारे सात जण?” ग्रंथपालांनी लॅपटॉपला विचारलं. “घरात प्रिंटर नाही. बाद.”

लॅपटॉपने ऐकून घेतलं. या घरात दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं.

कालच कंप्युटरवाल्याने त्या म्हाताऱ्या मशीनवर विंडोज काढून लिनक्स चढवलं होतं. “काका, नको ती पॅकेजेस काढून टाका, हलकं पळेल,” असं सांगून तो स्वतःच पळाला. सोबत सतराशे पॅकेजेसची, म्हणजे लहानमोठ्या प्रोग्रामांची, यादी ठेवून गेला.

आता ग्रंथपाल निवृत्त झाले म्हणून काय झालं? चौतीस वर्षं त्यांचा एकच नियम होता : ज्याला मागणी नाही, ते बाद. त्यांनी वही काढली, रकाने आखले, शेवटच्या वापराची तारीख तपासली. कालच आलेल्या पॅकेजेसना मागणी कुठून असणार? पण नियम म्हणजे नियम. तारे दाखवणारं गेलं. दोघांनी खेळायचं बुद्धिबळ गेलं. त्यावर पेन क्षणभर अडलं, एवढंच. ‘लिब’ने सुरू होणारी मात्र त्यांनी लायब्ररीतले भाऊबंद समजून सोडून दिली.

एका ठिकाणी मशीनने विचारलं, “यासोबत आणखी तीन जातील. चालेल?”

“एकत्र कुटुंब दिसतंय,” म्हणत त्यांनी ‘हो’ दाबलं.

मग दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. रविवारी चारला मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. आठवड्यातून तेवढी दहा मिनिटं कुणीतरी त्यांना बघायचं. मागच्या वेळी ती म्हणाली होती, “बाबा, वाळलात हो!” ते वाक्य त्यांनी सहा दिवस पुरवून पुरवून वापरलं होतं.

चारला कॉल आला.

“बाबा, तुम्ही दिसत नाही आहात. नुसतं काळं.”

“मी इथेच आहे. निळा शर्ट.”

“काहीतरी उडवलंत ना? कॅमेऱ्याचं?”

ग्रंथपालांनी वही चाळली. एकशे बारावी नोंद. एकत्र कुटुंबातलं तिसरं.

“थांब, पाच मिनिटांत परत बसवतो.”

“राहू द्या हो बाबा, आवाज येतोय ना? मला निघायचंय. जेवताय ना नीट?”

“जेवतो की. आणि शर्ट नवीन—”

“छान! पुढच्या रविवारी बघते, हं.”

ती गेली. त्यांनी पॅकेज शोधून परत बसवलं; पाच नाही, चारच मिनिटं लागली. वहीत लिहिलं : ‘कॅमेरा. पुन्हा दाखल.’ पुढचा रकाना होता, मागणी कोणाची. तिथे त्यांनी ‘मुलगी’ लिहायला घेतलं. ‘मु’ झाल्यावर थांबले. तो खोडून सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘स्वतः’.

कॅमेरा उघडला. पडद्यावर निळ्या शर्टातला एक वाळका गृहस्थ त्यांच्याकडे बघत बसला होता.

“कॉलर नीट करा,” ग्रंथपाल म्हणाले.

त्याने लगेच केली.