बिनचिठ्ठीचा शर्ट

त्या धुलाई कारखान्यात वाफ इतकी असायची, की माणसं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून खोकत चालायची. एकदा एक कारकून दुपारी आत शिरला तो थेट दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आला, आणि तोही इस्त्री होऊन. अशा जागी चुका व्हायच्याच. मालकांचं म्हणणं असं, की चूक आपल्या भाषेत कबूल केली की भांडण होतं आणि इंग्रजीत केली की नुसतं पत्र होतं.

म्हणून वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत पत्रबाई बसायच्या. सव्वीस वर्षं एकच काम. झालेल्या चुकीला साजेसा इंग्रजी शब्द द्यायचा आणि गिऱ्हाइकाला माफीचं पत्र धाडायचं.

शब्दांची वाटणी ठरलेली होती. यंत्रानं केला तो एरर. त्याचं कुणाला काही लागायचं नाही. वरच्या मजल्यावर झालं तर ओव्हरसाइट. खिशात शाईचं पेन विसरून कोट देणाऱ्या गिऱ्हाइकाचा असायचा फॉल्ट. ब्लंडर फक्त मालकच करू शकत, त्यामुळे तो शब्द कागदावर कधी आलाच नाही. आणि खाली वाफेत उभ्या असलेल्या माणसानं केली ती मिस्टेक. ती त्याच्या कार्डावर चढायची, आणि वर्षात तीन चढल्या की माणूस घरी.

राहता राहिली स्लिप. म्हणजे हात सटकला, मनात वाईट नव्हतं. ती मोजली जात नसे, पण त्यासाठी गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं ‘तक्रार नाही’ असं लिहून द्यावं लागे. एका निवृत्त कर्नलांनी ते लिहून दिलं होतं. त्यांचा कोट आटून त्यांच्या मांजराला बरोब्बर बसला, आणि मांजर खूश होतं. त्यानंतर आजतागायत कुणी नाही.

तीन महिन्यांपूर्वी पत्रबाईंचा नवरा गेला. सोबतीला म्हणून नणंद राहायला आली आणि घर धुवायला लागली. पडदे धुतले, उशा धुतल्या, त्याच्या टोप्या धुतल्या. रडायची आणि धुवायची. पत्रबाई रडल्या नाहीत. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय जसा आपला वाटत नाही, तशा त्या सगळ्याच्या सगळ्या झाल्या होत्या. कामाला जायच्या, जेवायच्या, विचारलं तर उत्तर द्यायच्या.

दाराच्या खिळ्यावर त्याचा शेवटच्या दिवशीचा शर्ट तेवढा उरला होता. नणंदेची नजर त्याच्यावर गेलेली दिसली, तशी पत्रबाईंनी तो कागदी पिशवीत घातला आणि कारखान्यात आणून टेबलाखालच्या फळीवर ठेवला. न धुतलेला शर्ट लपवायला धुलाई कारखाना! बर्फाची लादी सांभाळायला भट्टीवाल्याकडे द्यावी, तशातली गत. रोज डबा खाल्ला की त्या पिशवी उघडायच्या, एकदा वास घ्यायच्या, बंद करायच्या. काही वाटायचं नाही. तरी करायच्या.

खाली एक इस्त्रीवाला होता. त्याला सगळे वाफ्या म्हणत. त्याला एक खोड होती. दर गुरुवारी तो कारखानाभर फिरून गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी सुटलेले, बिनचिठ्ठीचे कपडे गोळा करायचा आणि जेवणाच्या सुट्टीत धुऊन ठेवायचा. कुणाचे असतील बिचाऱ्याचे, वाट बघत असेल, म्हणायचा.

त्या गुरुवारी पत्रबाई मालकांकडून परत आल्या तेव्हा वाफ्या हँगर धरून दारात उभा.

“तुमच्या टेबलाखाली होता, बाई. चिठ्ठीच नाही! कॉलर बघवत नव्हती. दोन पाणी दिली, कडक खळ घातली. बटण लोंबत होतं, तेही शिवलं. कोणाचा हो?”

“माझा.”

“मग घरचंच काम झालं की!” वाफ्या हसला. पत्रबाईंनी शर्ट घेतला आणि टेबलावर आडवा ठेवला. तो पुठ्ठ्यासारखा ताठ पडून राहिला.

खाली चिठ्ठ्या लावणाऱ्या मावशींना सगळं ठाऊक होतं. त्यांचा आवाज जिन्यातून वर आला, “अरे मेल्या, काय करून बसलास! ते गेले तेव्हा अंगात होता तो!”

वाफ्या पुन्हा वर आला तो कार्ड घेऊन. चेहरा धुतल्या चादरीसारखा.

“शब्द सांगा, बाई.”

“बस.”

“नको. मिस्टेकच ना? दोन आहेत यंदाच्या. ही तिसरी. लिहा तुम्ही, माझं काही म्हणणं नाही. एकोणीस वर्षं झाली, बास झालं.”

“वास होता का रे त्याला?” पत्रबाईंनी विचारलं.

वाफ्यानं मान खाली घातली. “होता. घामाचा. आणि थोडा तंबाखूचा.”

“हं. तंबाखूचाच.” कुणाला तरी तो वास आला होता, एवढं नक्की झालं. त्यांनी राग शोधून पाहिला. खिसे चाचपावेत आणि रिकामे निघावेत, तसं झालं. मग त्यांनी पेन उचललं, ‘स्लिप’ लिहिलं, आणि खाली गिऱ्हाइकाच्या रकान्यात ‘तक्रार नाही’ लिहून सही केली.

“बाई, असं नका करू.”

“झालं लिहून. जा, इस्त्री तापली असेल.”

मालकांनी कार्ड पाहिलं आणि म्हणाले, “पत्र गेलं पाहिजे हं. गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक.” पत्रबाईंनी नेहमीचं पत्र टाईप केलं, सही केली, वर स्वतःचा पत्ता घातला आणि टपालात टाकलं.

शनिवारी ते घरी आलं. पत्रबाईंनी घरी परत आणलेल्या शर्टाजवळच नणंद बसली होती. तिनं तो कितव्यांदा तरी हुंगला होता आणि ‘छान धुतलाय’ म्हणाली होती. तिनंच पाकीट फोडलं.

“इंग्रजीत आहे. काय म्हणतायत गं वहिनी?”

पत्रबाईंनी कागद हातात घेतला. अशी हजारो पत्रं धाडली होती, त्यांच्या नावे एकही कधी आलं नव्हतं.

“झाल्या गोष्टीचं फार वाईट वाटतं, असं लिहिलंय.”

“कोणाला?”

पत्रबाईंनी खालची सही पाहिली.

“मला,” त्या म्हणाल्या.

 नणंद उठली आणि खिडकीशी भिजत घातलेली भावाची शाल तिनं बादलीतून काढून, न घासता, तशीच पिळून वाळत टाकली.